शनिवारी तुटणारं लॉगिन

३ फेब्रुवारी, सोमवार

साहेबांनी आज वरच्या पंप स्टेशनचं काम माझ्या गळ्यात घातलं. बाकी सगळी स्टेशनं ऑफिसातून लॉगिन करून चालतात, पंप इथूनच चालू-बंद होतो. टेकडीवरचं तेवढं अजून माणूस ठेवून चालवावं लागतं. तो माणूस म्हणजे माझे बाबा.

"मार्चअखेरपर्यंत लॉगिन सलग दोन आठवडे न तुटता चाललं, तर स्टेशन बिनमाणसाचं करून टाकू," साहेब म्हणाले. "नाही चाललं, तर योजना गुंडाळायची आणि तुमच्या वडिलांना मुदतवाढ. घरचंच काम आहे तुमचं."

घरचंच आहे. गेल्या पावसाळ्यात बाबा पंपाच्या जिन्यावर चक्कर येऊन पडले. बराच वेळ तिथेच बसून राहिले आणि मला आठवड्याने सांगितलं, तेही भलत्याच विषयातून. आई गेल्यापासून सोमवार ते शुक्रवार त्या टेकडीवर एकटे असतात. मला ते खाली हवेत, माझ्या घरी, माझ्या डोळ्यांसमोर. त्यासाठी एका जुनाट प्रोग्रॅमशी भांडायचं असेल तर भांडते. नाहीतरी भांडकुदळ म्हणून माझी ख्याती आहेच.

५ फेब्रुवारी

भांडण सुरू झालं. आमच्या ऑफिसात लॉगिनचा नवा प्रोग्रॅम आहे, स्टेशनच्या यंत्रावर जुना, भलत्याच कंपनीचा. ती कंपनी कधीच बुडाली. दोन प्रोग्रॅम भेटले की आधी एकमेकांना कुलपांची यादी दाखवतात: मला ही कुलपं लावता येतात, तुला कोणती येतात? एक तरी दोघांना येणारं निघालं की ते लावून पुढचं बोलणं. आमच्या नव्याने सगळी जुनी, कमकुवत कुलपं यादीतून काढून टाकलीत. जुन्याला दुसरी माहीतच नाहीत. मग पडद्यावर एक ओळ येते, "सामाईक पद्धत सापडली नाही", आणि दोघेही पाठ फिरवतात.

आमच्याकडची जुनी कुलपं परत चालू केली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण सुरक्षा तपासणीवाले कच्चं खातील. म्हणजे जुन्यालाच नवी कुलपं शिकवायची.

६ फेब्रुवारी

पहिल्यांदा सगळं बाबांच्या हातूनच करून घ्यावं लागणार, कारण मी आत शिरूच शकत नाही. आज फोनवर त्यांना यंत्राच्या ओळखीचा ठसा वाचायला लावला. ठसा म्हणजे अक्षरं-आकड्यांची लांबलचक माळ. दोन्हीकडे तीच निघाली तर यंत्र खरं, नाहीतर मध्येच कुणी तोतया बसलाय. बाबा चष्मा लावून एकेक अक्षर वाचत होते, मी लिहून घेत होते. शेवटपर्यंत काहीच जुळलं नाही. मी त्यांच्यावर खेकसले, पुन्हा वाचायला लावलं. त्यांनी पुन्हा वाचलं. मग माझ्या लक्षात आलं की जुना प्रोग्रॅम ठसा एका रीतीने लिहितो आणि नवा दुसऱ्या. चष्म्याची काहीच चूक नव्हती.

"जुळलं का गं?" बाबांनी विचारलं.

"जुळलं. माझंच चुकत होतं."

"मग इतका वेळ मी काय रडगाणं गात होतो?" असं म्हणून हसले. खूप दिवसांनी त्यांना असं हसताना ऐकलं. त्यांना अशा कामात मजा येते.

काही बिघडलं तर पाणी बंद पडायला नको, म्हणून त्यांना एक युक्तीही शिकवली. जुन्या मांडणीची, म्हणजे यंत्रातल्या सगळ्या सेटिंग्जची, प्रत एका पेन ड्राइव्हवर करून ठेवायला लावली. ती लावून यंत्र बंद करून चालू केलं की सगळं होतं तसं परत. पासवर्ड नको, काही नको. त्यांनी दोनदा करून पाहिलं. "हे सोपं आहे," म्हणाले.

८ फेब्रुवारी, शनिवार

बाबा आले. शनिवार-रविवार त्यांच्या जागी बदली माणूस असतो. चाळिशीचे गृहस्थ आहेत, बारा महिने कानटोपी घालतात, म्हणून ऑफिसात सगळे त्यांना कानटोपीच म्हणतात. रोजंदारीवर आहेत, कित्येक वर्षं कायम होण्याची वाट पाहतायत.

बाबा दोन दिवस माझ्याकडे राहतात, म्हणजे काय करतात? पहाटे उठून अंथरुणाची घडी घालतात आणि सोफ्याच्या कडेवर बसतात. बॅग भरलेली, चेन लावलेली. माझा नवरा म्हणाला, "बाबा, पंखा लावा की," तर म्हणाले, "तुम्हाला चालत असेल तर लावतो." पाहुणाही इतका संकोच करत नाही. एकदा कायमचे राहायला आले की सवय होईल.

१२ फेब्रुवारी

झालं! नवी कुलपं शिकवून झाली तरी मेलं मध्येच गप्प बसत होतं. दोन दिवस डोक्याला ताप. शेवटी कळलं की आमचा नवा प्रोग्रॅम आपली यादी इतकी लांब पाठवतो की जुन्याच्या पोटात ती मावतच नाही, अर्ध्यातच गुदमरतो. मी यादी कापून मोजकी चारच नावं ठेवली. एंटर दाबलं आणि समोर स्टेशन उघडलं. टाकीतली पातळी, पंपाचा वेग, सगळं. खुर्चीतून ओरडलेच.

बाबांना फोन केला. "मी आत आले, बाबा! तुमचा पंप दिसतोय मला."

म्हणाले, "अरे वा. आता मग माझं काय काम राहिलं?"

"काहीच नाही! मस्त आराम करा."

"हं," म्हणाले. लाइन खराब होती बहुतेक.

१५ फेब्रुवारी, शनिवार

तुटलं. अर्धा दिवस ऑफिस, म्हणून सहज पाहायला गेले, तर पुन्हा तीच ओळ. सामाईक पद्धत सापडली नाही. कपाळावर हात मारून घेतला. दोन आठवड्यांची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

दुपारी घरी बाबांना सांगितलं. ते माझ्या मुलीच्या पेन्सिलला टोक काढत होते. "जुनं यंत्र आहे," म्हणाले, "त्याला नवं मानवत नसेल."

१७ फेब्रुवारी

वर जुनी मांडणी जशीच्या तशी परत आलेली. माझी एकही ओळ शिल्लक नाही. बाबांना फोनवर घेऊन पुन्हा सगळं बसवलं. बिचारे कुरकुर न करता सांगेन ते टाइप करतात. मला वाटतं, यंत्र बंद होऊन चालू झालं की हा जुना प्रोग्रॅम स्वतःच माघारी जात असणार. ते टाळायचं कसं, ते शोधते.

२२ फेब्रुवारी, शनिवार

पुन्हा तुटलं. शुक्रवारी ऑफिस सुटेपर्यंत ठणठणीत होतं. मधल्या दिवसांत मी इथूनच यंत्र मुद्दाम बंद-चालू करून पाहिलं होतं, तेव्हा माझी मांडणी टिकली. म्हणजे प्रोग्रॅमचा दोष नाही. कुणीतरी जुनी प्रत परत बसवतंय.

आणि तुटतं कधी? शनिवारी. वर शनिवारी कोण असतं? कानटोपी. नक्की किती वाजता ते कळायला मार्ग नाही, कारण त्या यंत्राच्या घड्याळाची बॅटरी मेल्यापासून ते मनाला येईल ती वेळ दाखवतं. पण वेळ हवीय कशाला? स्टेशन बंद झालं की त्यांची रोजंदारी जाणार. सरळ आहे.

बाबांना सांगितलं तर त्यांचा चेहरा पडला. "तो तसला माणूस नाही," म्हणाले.

"मग कोण? शनिवारी सकाळी तुम्ही निघता, त्यानंतर तिथे दुसरं कोण असतं?"

"सकाळी आम्ही दोघंही असतो की थोडा वेळ. पंप थांबवून पाणी आत येतं तिथली जाळी साफ करतो. मग मी निघतो."

"तेच म्हणतेय. तुम्ही निघालात की त्यांना रान मोकळं."

बाबा जेवले कमी. दुसऱ्याबद्दल वाईट ऐकवत नाही त्यांना, पहिल्यापासूनच भोळे.

२४ फेब्रुवारी

तिसऱ्यांदा मांडणी बसवली. बाबांना बजावलं, पेन ड्राइव्ह कपाटात कुलपात ठेवा. "ठेवली," म्हणाले, "किल्ली माझ्या खिशातच असते." आता बघू कानटोपी काय करतात.

१ मार्च, शनिवार

तुटलं! कुलूप असूनही. म्हणजे गृहस्थांनी दुसरी प्रत आधीच करून ठेवली असणार. दिसतात साधे, पण पोचलेले आहेत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मार्चअखेर आता जवळ आलाय. अजून एकदा तुटलं तर योजना गेली, आणि बाबा पुढचा पावसाळा त्या जिन्यावर.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, सोमवारी साहेबांना सगळं सांगणार. ते एकदम उठून उभे राहिले. "त्याचं नाव घेऊ नकोस."

"घ्यावंच लागेल."

"काय करतील त्याला?"

मला माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा पाहून म्हटलं, "समज देतील फार तर. दुसऱ्या स्टेशनवर पाठवतील."

"नक्की ना?"

"नक्की हो, बाबा."

मग बसले. बराच वेळ हातातली किल्ली बोटावर फिरवत होते. मी म्हटलं, आता तरी ती खिशात ठेवा.

३ मार्च

साहेबांना सांगितलं. वार, फायली, माझ्या चाचण्या, सगळं ओळीने मांडलं. मला असं मुद्देसूद मांडता येतं. साहेब म्हणाले, "उत्तम. कुणीतरी नाव घेतल्याशिवाय मला काही करता येत नव्हतं." मग बाबांना फोनवर घेऊन चौथ्यांदा मांडणी बसवली.

६ मार्च

कानटोपीला काढून टाकलं. समज नाही, बदली नाही, घरीच पाठवलं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले होते. "रोजंदारीचा माणूस आहे, त्याला काय समज द्यायची?" म्हणाले आणि फोन उचलला. म्हणजे मी बाहेर जायचं.

बाबांना फोनवर सांगितलं.

"तू समज देतील म्हणाली होतीस," एवढंच म्हणाले.

मला वाईट वाटतंय. पण कानटोपींनी ते केलं नसतं तर ही वेळ आली असती का?

७ मार्च

कानटोपी ऑफिसच्या फाटकाशी भेटले. मी घाबरले होते, वाटलं तमाशा करतील. तसं काही नाही. टोपी काढून हातात धरली होती, केस किती पांढरे झालेत ते आज दिसलं.

"ताई, मी ते केलं नाही," म्हणाले. "एवढंच सांगायला आलो. याहून जास्त मला विचारू नका."

विचारू नका म्हणजे? मी खरं तर विचारणारही नव्हते. दोषी माणूस असाच गुळमुळीत बोलतो. मी "साहेबांशी बोला" म्हणून आत निघून आले.

१० मार्च

शनिवार गेला, रविवार गेला, लॉगिन शाबूत. कानटोपी गेले आणि तुटणंही थांबलं. याहून पुरावा काय हवा? साहेबांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं.

बदली माणूस नाही म्हणून बाबा या वेळी आले नाहीत. त्यांचे तीन-चार मिस्ड कॉल होते. परत केला तर म्हणाले, "चुकून लागला." टाइप करून करून त्यांच्या बोटांना सवय लागली असेल.

१८ मार्च

मोजणी पूर्ण. स्टेशन बिनमाणसाचं करायचं पक्कं झालं. जिंकले मी. पुन्हा बाबांचा चुकून लागलेला फोन.

२४ मार्च, सोमवार

हे लिहायला हात धजत नाही.

बाबा आज कायमचे आले. एक बॅग आणि एक खोकं. नवरा मुलीला घेऊन बाहेर गेला होता. मी चहा ठेवला. बाबा सोफ्याच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "ते मी करत होतो."

मला कळेना, काय.

"ती जुनी प्रत. शनिवारी जाळी साफ करायला पंप थांबायचा तेव्हा. तेव्हा यंत्र बंद केलं तर कुणाला कळत नाही."

उकळणाऱ्या चहाखालचा गॅस मी बंद केला, एवढं आठवतंय. मग मी ओरडले. का केलंत, मी दीड महिना रक्त आटवलं, मला मूर्ख बनवलंत, वगैरे. ते खाली मान घालून ऐकत राहिले. मग म्हणाले, "तुझ्या घरी मला सगळं आहे. पण सकाळी उठून मी करायचं काय? तिथे मी गेलो नाही तर गावाला पाणी येत नाही. इथे मी उठलो नाही तर तुम्हाला जरा जास्त झोप मिळेल, एवढंच." पुढे म्हणाले, "मुदतवाढ मिळेल म्हणून केलं. त्याच्यावर जाईल हे डोक्यातच आलं नाही. तू समज देतील म्हणालीस, मग मी म्हटलं, होईल. नंतर रोज फोन लावायचो तुला. तू उचललास की जीभ रेटायची नाही."

सगळं माझ्याच दैनंदिनीत लिहिलेलं आहे. जाळी, किल्ली, चुकून लागलेले फोन. मागची पानं वाचली आणि स्वतःची शरम वाटली. बाबांच्या खिशात किल्ली आणि मी दुसऱ्याच्या खिशात प्रत शोधत होते.

"उद्या मी साहेबांना सांगतो," बाबा म्हणाले. "त्याला परत घ्यायला लावतो."

मी म्हटलं, तुम्ही नको, मी सांगते.

२५ मार्च

सांगितलं. साहेबांनी उठून केबिनचं दार लावलं.

"तुमच्या वडिलांची निवृत्ती ह्याच आठवड्यात आहे ना?" त्यांनी विचारलं. "चौकशी लागली तर निवृत्तीवेतन अडकेल. आणि नाव घेतलंत तुम्ही. मी वर अहवाल पाठवून बसलोय. लॉगिन चालतंय ना? चालू द्या. मी हे ऐकलेलं नाही."

मी वाद घालायला हवा होता. मी भांडकुदळ ना! मी "बरं" म्हणाले. बाहेर पडताना मला सुटल्यासारखं वाटलं. हे कुणालाच सांगता येणार नाही, म्हणून इथे लिहितेय.

घरी बाबा दारातच. "सांगितलंस?"

"सांगितलं."

"मग?"

"बघतो म्हणालेत."

"म्हणजे घेतील परत?"

"घेतील बहुतेक. वेळ लागेल थोडा."

त्यांनी डोळे मिटून श्वास सोडला. खरं सांगायला माझं तोंड उघडलं नाही.

२९ मार्च

रोज संध्याकाळी एकच प्रश्न. "आला का तो कामावर?" मी रोज काहीतरी सांगते. कागद फिरतोय. सही राहिलीय. साहेब सुट्टीवर आहेत. आता इतकं सहज जमतं की मध्ये विचारही करावा लागत नाही.

बाबा मात्र सुधारलेत. मुलीला शाळेत सोडायला जातात, कोपऱ्यावरच्या दुकानदाराशी ओळख काढलीय. काल सोफ्यावर पाय वर घेऊन बसले होते. मला बरं वाटलं आणि लगेच भीतीही वाटली.

४ एप्रिल, शुक्रवार

सकाळी फाटकावरून फोन आला की कुणीतरी भेटायला आलंय. कानटोपी होते. ऑफिसने दिलेला जुना खाकी शर्ट, धुऊन इस्त्री केलेला. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काकांचा फोन आला होता, ताई. आजपासून बोलावलंय म्हणाले." बाबांनी कुठल्या भरात फोन केला देव जाणे. काल मी त्यांना म्हटलं होतं, एक-दोन दिवसांत होईल. "मधे एका गोदामावर राखणदारी धरली होती," ते सांगत होते. "काल सोडून आलो. काकांचा शब्द म्हणजे काय, पक्काच."

मी विचारून बसले, "तुम्हाला माहीत होतं? बाबाच ते करत होते, हे?"

त्यांनी मान डोलावली. "पहिल्याच शनिवारी पाहिलं होतं. मी जाळी धूत होतो, खिडकीतून दिसलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"कसं बोलणार? माझ्या बायकोच्या आजारपणात काकांनी माझे कितीतरी शनिवार स्वतः केलेत, कुणाला न सांगता. आणि मला ठाऊक होतं, ते स्वतःच सांगतील. जरा उशीर झाला, पण सांगितलं ना त्यांनी?"

"सांगितलं," मी म्हटलं. "तुम्ही बसा इथे. मी आत विचारून येते."

ते रखवालदाराच्या बाकावर बसले. मी वर आले. साहेबांच्या केबिनपर्यंत गेले, काचेतून ते फोनवर दिसले, तिथून परत माझ्या जागेवर. फाटकावरून दोनदा फोन वाजला. दुसऱ्यांदा मी उचलून सांगितलं, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. माझाच आवाज होता. रखवालदार "बरं मॅडम" म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीपर्यंत ते बाकावर होते. नंतर खिडकीतून पाहिलं तेव्हा नव्हते.

घरी आले तर बाबा वाटच बघत होते. "भेटला का तो? आज येणार होता."

"भेटला."

"खूश होता?"

"हो. खूप."

बाबांचे डोळे भरून आले. मला जवळ घेऊन म्हणाले, "तू होतीस म्हणून झालं गं. नाहीतर माझ्याने कुणाला तोंड दाखवलं गेलं नसतं." माझ्या पाठीवरून त्यांचा हात फिरत होता.

"उद्या शनिवार," ते म्हणाले. "मी जाऊन येतो त्याच्याकडे. फोनवर माफी मागणं बरं नाही, समोर बसून मागतो. घर माहीत आहे मला."

मी नको म्हणाले नाही. काय कारण सांगणार होते? आता ते आतल्या खोलीत उद्याचा शर्ट काढतायत आणि मुलीला सांगतायत की आपण दोघं जाऊ. ती विचारतेय, कुणाकडे.